मेहुण्याच्या तोंडावरचा स्नो

चेहऱ्याला लावायचा तो पांढरा स्नो आठवतो ना? नव्वदीतली गोष्ट. माझा फौजी मेहुणा बर्फातल्या चौकीवरून कडेगावला आला तो काळाठिक्कर होऊन, आणि दुसऱ्या दिवशी औंधला मुलगी बघायला जायचं होतं. मुलगी नको म्हणेल या धास्तीने आमच्या हिने भावाला सकाळीच स्नो फासला.

“दाजी, ह्याला स्नो का म्हणत्यात?”

“बर्फासारखा पांढरा, आणि लावला की विरतो, म्हणून.”

“विरतोय कुठला! बर्फानंच तर तोंड जाळलंय माझं.”

औंधला मुलीला विचारलं, “तुला काही विचारायचंय?”

ती हळूच म्हणाली, “बर्फातनं आलाय म्हणं. कानामागं अजून हाय थोडा.”

मेहुण्यासकट सगळे हसत सुटले. होकार तिथंच झाला.

आमची ही शेवटपर्यंत म्हणायची, “लग्न माझ्या स्नोनं जमवलं.”