लक्झेंबर्गचं भांडं

मंडळी, आपण सगळे आलात. खुर्च्या कमी पडल्या, मागे काहींना उभं राहावं लागतंय, त्यांची माफी मागतो. मी बोलायला उभा राहिलोय खरा, पण मला बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या. सुमनताई माझी थोरली बहीण. तिच्यासमोर मला कधी सलग बोलताच आलं नाही. ती मध्येच तोडायची. आज कुणी तोडणार नाही, हेच जड जातंय.

ती असती तर तिने तुम्हाला या हॉलच्या दारातच गाठलं असतं. "कशाने आलात? भाडं किती पडलं?" मेट्रोने आलात तरी तेच, करोल बागेहून ऑटोने आलात तरी तेच. चहापाणी नंतर, भाडं आधी. यूपीएससीच्या अभ्यासाला लातूर-बुलढाण्याहून आलेली ही मुलं मागे बसलीत, ती हसतायत. हसा रे, बिल्कुल हसा. दर रविवारी तिच्याकडे जेवायला यायचात आणि वरण-भातावर तूप पडायच्या आधी भाडं सांगायचात.

फोटोशेजारी हे पातेलं कशाला, असं दोघा-तिघांनी मला विचारलं. गुरुजींनीही विचारलं. हा कुठला विधी नाही. सांगतो.

ताईने पहाडगंजच्या मराठी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. कुणी परदेशातून आलं की लोक चॉकलेट मागतात, हिला तिथल्या रेल्वेचं भाडं हवं असायचं. मी ऑफिसच्या कामाने परदेशी जायचो. आल्यावर रुबाबात सांगायचो, "लंडनहून अमुक गावाला इतके पौंड," आणि लगेच रुपयांत गुणाकार करून "बाप रे!" म्हणायचो. ती चिडायची. "विनू, तुझं गणित बरोबर आणि उत्तर चूक! तिथला माणूस पगार रुपयांत घेतो का?" मग मी म्हणायचो, "अच्छा, मग तू सांग कशात मोजायचं." हे तिलाही सांगता यायचं नाही. वर्षानुवर्षं आमचं भांडण इथेच अडायचं.

सोडवलं कुणी? मिहिकाने. ताईची नात, ती बघा दाराजवळ बसलीये. लहान होती तेव्हा. जन्म दिल्लीचा, शाळेत हिंदी-इंग्रजी, मराठी फक्त घरात. आमचं भांडण ऐकता ऐकता तिने मध्येच विचारलं, "आजी, लंडनचं भांडं किती मोठं आहे?"

भाडं नाही, भांडं! आम्ही सगळे खो खो हसलो. ताई हसली नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि मांडणीवरची भांडी काढायला लागली.

तिला माप सापडलं होतं. दिल्ली ते मथुरा, साधारण दीडशे किलोमीटर, एवढा प्रवास. त्या देशात तेवढ्या प्रवासाच्या तिकिटाला जे पैसे पडतात, त्यात त्याच देशातलं साधं जेवण किती येईल? ते ज्या भांड्यात मावेल, ते त्या देशाचं भांडं! झालं. आपलं जनरलचं तिकीट म्हणजे वाटी. श्रीलंका, वाटीच. जपान, पातेलं. स्वित्झर्लंडला मी रुपयांत गुणून घाबरलो होतो, पण तिथलं जेवणही तसंच महाग, म्हणून त्याचं पातेलं ब्रिटनच्या कुकरपेक्षा लहान निघालं. आणि ब्रिटनचा तो कुकर? तिकीट बरंच आधी काढलं तर त्याचा तांब्या व्हायचा! मी म्हटलं, "यार ताई, एका देशाची दोन भांडी कशी?" ती म्हणाली, "ते त्यांना विचार."

तेव्हापासून आमच्या घरात रेल्वेचं भाडं कुणी म्हणत नाही. भांडंच म्हणतात.

आता मंडळी, मी आज उभा का राहिलो ते ऐका.

कालपासून माझ्या कानावर येतंय. लिफ्टमध्ये आलं, "इस उमर में बेटे ने अकेले भेज दिया." फोनवर आलं, "त्या प्रवासानेच घात केला." ताईचा मुलगा श्रीरंग जर्मनीत असतो. त्यानेही हे ऐकलंय. तो पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलाय.

श्रीरंग, मान वर कर. हे तुझ्यासाठी आहे.

गेल्या उन्हाळ्यात ताई त्याच्याकडे गेली. हृदयात स्टेंट, गुडघे कुरकुरणारे. तिची एकच इच्छा होती. परदेशातल्या रेल्वेत एकदा एकटीने बसायचं, तिकीट आपल्या पेन्शनमधून, आपल्या हाताने काढायचं. मुलगा म्हणाला, "आई, गाडी आहे ना, मी नेतो." मी इथून फोनवर ओरडलो, "वेड लागलंय का तुला?" सगळ्यात मोठा विरोध माझा होता. ती ऐकते? श्रीरंगने शेवटी ओळखलं की आईला ने-आण नकोय, तिला जायचंय. त्याने तिला स्टेशनवर सोडलं आणि स्वतः फलाटावर थांबला. मंडळी, आईला गाडीत बसवून आपण खाली थांबायला किती काळीज लागतं, हे ज्याने केलंय त्यालाच विचारा.

त्याचं जर्मन गाव लक्झेंबर्गच्या सीमेलगत. तिने मशीनवर सीमेपर्यंतचं तिकीट काढलं. मशीनने दोनदा पैसे परत फेकले, तिने तिसऱ्यांदा टाकले. मग लक्झेंबर्गच्या स्टेशनावर उतरून तिने मला फोन केला. आवाज असा, की मी मोबाइल कानापासून लांब धरला.

"विनू! अरे, इथे भांडंच नाही!"

मला वाटलं, हिची पर्स गेली. म्हटलं, "काय नाही?"

"भांडं! भाडं! सीमेच्या पुढे तिकीटच लागत नाही. साध्या डब्यात कुणीही बसा. रेल्वे फुकट, बस फुकट, ट्राम फुकट. गाडीत शेजारी सूटवाला होता, समोर सफाईवाली, आणि मी!"

तुम्हाला माहितीये, दिल्लीच्या बसमध्ये बायकांना ते गुलाबी तिकीट मिळायचं, त्यावरून मी तिला किती चिडवायचो. "फुकटचा प्रवास! जगात कुठे असतं असं?" मंडळी, तिने पर्समधून जपून नेलेलं ते गुलाबी तिकीट त्या गाडीत समोरच्या सफाईवालीला दाखवलं होतं. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "माझ्या शहरातही आहे. बायकांना, बसमध्ये." आणि मला फोनवर म्हणाली, "घरी जा, माझं पातेलं काढ आणि ओट्यावर पालथं घाल. भाडं शून्य, मग भांडं पालथं! हे लक्झेंबर्गचं भांडं. मी जिंकले!"

मी नाही घातलं. हरलो होतो ना.

त्यानंतर ती परत आली, दिवाळी केली, थंडीभर या मुलांना जेवू घातलं, आणि ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. डॉक्टरांनी साफ सांगितलंय, त्या प्रवासाचा या हृदयाच्या झटक्याशी संबंध नाही. पण मला डॉक्टरांचंही नको. मी तो आवाज ऐकलाय. एवढ्या आनंदात मी तिला तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. श्रीरंग, तू तिला घालवलं नाहीस रे. तू तिला जाऊ दिलंस. तिने आयुष्यभर शिकवलेल्या भूगोलात एकदा तरी ती स्वतः फिरून आली. याचं दुःख करायचं? मी नाही करणार. मला अभिमान आहे.

चलो, आता उभे राहू या. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी बसूनच राहा, ताईने तेच सांगितलं असतं.

दोन मिनिटं शांत राहायचंय. त्याआधी तिचा प्रश्न आज मी तिला विचारतो. आयुष्यभर तिने आपल्याला विचारला, एकदा आपण तिला विचारायला हवा.

ताई, कशाने गेलीस? भाडं किती पडलं?

हे बघा मंडळी, तिचं पातेलं. घातलं मी पालथं.