मुठीतला तांब्या

—अरे, मागं काय सरतोस, बाबू? पाणीच आहे तांब्यात, प्यायचं. मुलगी बघायला आलेला माणूस दारातच असा पांढराफटक पडतो होय? तुझे आईबाप आत जाऊन पंख्याखाली बसलेसुद्धा. बरं, टेक इथं पायरीवर. गोष्ट सांगते. एक होती म्हातारी, चंद्रव्वा तिचं नाव, अन् एक होती तिची नात, स्रवंती. नात कंप्युटरवर खोटी गावं बांधायची — फौजेतल्या पोरांना शिकवायला. तू फौजेतलाच, तुला काय सांगायचं? डोळ्यांवर तो डबा चढवला की गाव उभं — गल्ल्या, कोंबड्या, दारं. दार ढकलायचं, आत दुश्मन आहे का गरीब माणूस, पापणी लवायच्या आत ओळखायचं. आता गाव म्हटलं की म्हातारी नको? कुठली आणणार? घरचीच नेली! सिकंदराबादला नेऊन तिला काळा घट्ट कपडा चढवला, वर सुपारीएवढे गोळे चिकटवले, म्हणजे यंत्र तिची चाल, तिचे हात जसेच्या तसे टिपून त्या गावात ठेवणार — जन्म लुगड्यात गेलेली बाई, लाजून अर्धी झाली. नात म्हणाली, ‘अव्वा, हात रिकामे ठेव, दार उघड अन् पुढं ये.’ आली म्हातारी. पण दारात आलेल्याला आधी पाणी — हे हातात इतकं मुरलेलं, की तांब्या नसताना मूठ तशीच वळलेली, तशीच पुढं केलेली. कुणाच्या ध्यानात आलं? कुणाच्या नाही. माझ्यासुद्धा नाही.

मग काय, पोरं दार ढकलणार, मूठ बघणार, हत्यारच समजणार, गोळी घालणार. स्रवंती म्हणाली, हात सुधारते. तिचे साहेब म्हणाले, राहू दे, परीक्षा बरी होते पोरांची. राहिला. दुपारी जेवून आडवी झाले की मनात येतं — आत्ता मारत असेल का कुणी मला? अन् पोरगी माझ्या हातचं पाणी घेते, पण वर बघत नाही. किती महिने झाले, वर बघत नाही.

तू किती वेळा मारलंस मला, बाबू? ...तीन? बोटं खाली घे, तुझी आई बघेल. स्रवंतीला ठाऊक आहे रे — अगं बाई, हे बोलायचं नव्हतं! आता निसटलंच तर ऐक. कुणी किती वेळा गोळी घातली, त्या यंत्रात सगळ्यांची नावं राहतात म्हणे. तुझं स्थळ आलं, तिनं त्यात तुझं नाव वाचलं, दोन दिवस अन्नाला शिवली नाही. अन् मग म्हणाली, ‘येऊ दे त्याला. अव्वा, तूच जा दारात, तांब्या घेऊन. पाणी घेतलं तर मी बाहेर येते. नाही घेतलं तर चहा देऊन वाटेला लाव.’ त्या पडद्यामागं उभी आहे. बघू नकोस तिकडं.

मी रागावलेय का? कशाला? तेव्हा तू मला ओळखत नव्हतास. आता बघितलंस ना, मुठीत काय असतं ते? घे. सांडलं तर सांडू दे. पी... पी सगळं.

हां. आता काही बोलू नकोस. पैंजण वाजलं.