आडनावापुरता पुतण्या

गाव आमचं मालवणाकडचं. लग्न झालं आणि बोटीत बसून मुंबईला आले ती थेट लालबागला, तर तिथं एका खोलीत आमच्या ह्यांच्यासारखे दहा-बारा गाववाले, त्यात बाईमाणूस राहणार कुठं, म्हणून हे खोली शोधायला लागले. जिथं जाल तिथं पागडी. तेवढे पैसे असते तर मुंबईला आलो असतो कशाला? हे भांडुपच्या कारखान्यात फिटर. कुणीतरी सांगितलं, मुलुंडला एका चाळीत सावंत म्हणून म्हातारे आहेत, छापखान्यात होते, मूलबाळ नाही, दोन खोल्यांतली बाहेरची देतील, पण अट एकच, राहणारा सावंतच पाहिजे.

आता आम्हीही सावंत, पण ते राजापूरकडचे, नातं काही नाही. अट कशासाठी, तर पोटभाडेकरू ठेवायला मालकाची बंदी. मालक कधी दिसला नाही, भाडं न्यायला त्याचे मेहताजी यायचे, टोपी, छत्री आणि मागून वहीवाला माणूस, जसं काही संस्थानच पाहायला निघालेत. नानांनी, म्हणजे त्या म्हाताऱ्यांनी, मेहताजींना सांगितलं, हा माझा पुतण्या. एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाना छापखान्यातले, मजकूर कमी पडला की भर घालायची सवय. म्हणाले, थोरला भाऊ वारला हो, पोराला माझ्याशिवाय कोण आहे. मेहताजी हळहळले. आणि तिकडे गावात माझे मामंजी, म्हणजे ह्यांचे वडील, खणखणीत जिवंत, शेताच्या मेरेवर उभे राहून शेजाऱ्याशी भांडत होते.

मुलुंड स्वस्त म्हणून लोक येतात ना, तुम्हीही आलात, मग तुम्हाला काय सांगू. भाडं कमी, पण भाजी महाग, कोळसा महाग, रॉकेलला रांग. काकूंचं, म्हणजे नानांच्या बायकोचं, नि आमचं जेवण एका चुलीवर व्हायला लागलं तेव्हा कुठं दोन्ही घरांचा महिना पुरा पडायला लागला. मुलगी झाली, ती त्यांनाच आजी-आजोबा म्हणायची.

मग नाना गेले. नेमका भाड्याचा दिवस, मेहताजी दारात. त्यांचं लक्ष प्रेताकडे कमी, खोल्यांकडे जास्त. म्हातारी एकटी, पोरगा नाही, तिला काढली की नवा माणूस नि नवी पागडी. हे मी नाही, सगळी चाळ बोलत होती. मेहताजी म्हणाले, आग्नी कोन देनार? काकू म्हणाल्या, पुतण्या आहे ना. ठीक. न्हावी आला, अंगणात पाट टाकला, ह्यांचं डोकं झालं, मग वस्तरा मिशीजवळ थांबला. न्हाव्यानं विचारलं, बाप आहे का?

आमच्यात बाप असताना मिशीला वस्तरा लावत नाहीत. लावणं म्हणजे त्याचं मरण मागणं. मी उंबऱ्यात उभी. काकू रडायच्या थांबल्या. मेहताजींनी छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली. अख्खी चाळ खरं काय ते जाणून होती आणि एक माणूस तोंड उघडेना. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी, काय सांगू, मान खाली घातली. हे म्हणाले, नाही. काढ.

मला त्या दिवसापासून झोप नाही. गावाहून कुणी आलं की मी आधी विचारायची, मामंजी बरे आहेत ना. आणि एक मेला गाववाला बोटीनं गावी गेला, त्यानं तिकडे जाऊन ह्यांचं सांगितलं, दत्तारामाची मिशी गेली.

तेराव्याला पंगत बसलेली, मेहताजींना मुद्दाम मानाचं पान, आणि दारात मामंजी, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. पुतण्याचं सोंग त्यांना ठाऊक होतं, स्वतःच्या मरणाचं नव्हतं. लेकाच्या ओठाकडे बघत राहिले. मेहताजी जेवता जेवता म्हणाले, आपन कोन? माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मामंजींनी गाठोडं खाली ठेवलं, म्हणाले, मी नानांचो धाकलो भाव. उशीर झालो बोटीक. मग लेकाशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, माका मारलंस तर मारलंस, आता जेवक तरी वाढ.

त्यानंतर येतील तेव्हा हे त्यांना चाळीत काका म्हणत. म्हातारा हसून ओ देई, पण रात्री पाठ करून निजे.

गेल्या साली मामंजी खरंच गेले. हे गावी जाऊन आले, पुन्हा डोकं, पुन्हा मिशी. मेहताजींनी विचारलं, कोन गेला? हे म्हणाले, काका. मेहताजी म्हणाले, काकासाठी एवढा कोन करते, तू लई चांगला मानूस. हे आत आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले, जेवले नाहीत.

खोली आहे अजून. भाडेपावती काकूंच्या नावावर येते, त्या आहेत तोवरच. सर्वपित्रीला काकू कावळ्यासाठी दोन पानं ठेवतात, एक नानांचं, दुसऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यांना आता कमी दिसतं, जिना मीच उतरवते. देव त्यांना शंभर वर्षं आयुष्य देवो, मनापासून म्हणते मी, आणि खोलीसाठीही म्हणते. आता ही दोन वेगळी करून दाखवायला सांगू नका मला.