गिरधरचा दरबार आणि चाळीस चादरी

—नाही नाही, पितांबरअण्णा, चादरी आहेत, चाळीसच्या चाळीस आहेत, नाही कुठं म्हटलं मी? पोरीचं लग्न तुमचं, संध्याकाळी यावलले वऱ्हाड पोचणार, बैठक पांढरीफेक पाहिजे — बठ्ठं, सगळं माहीत आहे मले. फक्त गठ्ठा सोडायच्या आधी दोन मिनिटं बसा. खुर्चीवर बसा, गठ्ठ्यावर नका बसू.

काय झालं, परवा त्या डॉक्टर-वकिलांच्या मंडळाची पार्टी होती. डॉक्टरीणबाई आहेत ना कुंदाबाई, त्यांचा भाचा अमेरिकेहून आला, तो म्हणे, जुन्या रोमच्या लोकांसारखी पांढरी चादर नेसून यायचं सगळ्यांनी. म्हणून माझ्या चादरी गेल्या. पण नेसता कोणाले येते? कोणाचं लुगडं झालं, कोणाची लंगोटी. शेवटी मलेच हाक मारली — गिरधर, तू मंडपवाला, कापड बांधणं तुझं काम. बांधलं मग, एकेकाले उभं करून बांधलं! मग खेळ सुरू. पहिली रथांची शर्यत. रथ कुठला आणता? माझीच हातगाडी — वकीलसाहेब वर उभे, बँकेचे मॅनेजर ओढू राहिले — वळणावर चादर चाकात गेली, रथ पुढं, चादर मागं, आणि वकीलसाहेब पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत, तरी हात वर करूनच उभे! मग दुसरा खेळ, टेप बंद झाला की पुतळा व्हायचं, हलला तो बाद. मॅनेजर असे पुतळा झाले, असे झाले, की पंगत उठली तरी हलेनात — वाढपी त्यांच्या हातात उष्ट्या पत्रावळी देऊन गेला. मग आडवं लोळून, हात न लावता द्राक्षं खायची. द्राक्षांचे दिवस संपले, तर दोरीले केळी टांगली. कुंदाबाईंनी सहा खाल्ली. आडव्या.

हसा, हसा. आता मुकुटाचं सांगतो. जो जिंकला त्याले राजानं पानांचा मुकुट घालायचा. रोममधे कोणतं झाड असते देव जाणे, कुंदाबाईंच्या बंगल्यामागं केळी होत्या, भाच्यानं ओले दांडेच कापले, वळले, राजानं घातले डोक्यावर. एक जिंकला की दुसरा रुसतो, म्हणून सगळ्यांलेच घातले. उरलेल्या चादरींवर बसूनच वळत होते. आणि चीक, अण्णा — तुम्ही केळीवाले, तुम्हाले काय सांगू — गळतो तेव्हा पाण्यासारखा, वाळला की काळा, कापड फाटेल पण डाग निघणार नाही. आमच्या धुणंवाल्या लताबाईनं दोन दिवस घासल्या, लिंबू झालं, रॉकेल झालं. उलट्या अंथरल्या तर? नाही, दोन्हीकडून आहेत. नक्षी म्हणून सांगितलं वऱ्हाडाले तर — बरं, नाही म्हणत नक्षी. लाल जाजमं देतो, नवी आहेत, मेटॅडोरमधे चढवलीसुद्धा. आणि नवरदेवापुरती ही घ्या, ही एकच कोरी, बघा, दूध.

काय? हिच्यावर डाग कसे नाहीत?

ही माझ्या अंगावर होती. राजा मीच होतो ना. वीस वर्षं झाली, त्या बंगल्यात चादर अंथरतो अन् मागच्या दारानं निघतो, परवा पहिल्यांदा म्हणाले, गिरधरशेठ, बसा वर. अन् एकेक जण मान वाकवून माझ्यासमोर, मॅनेजरसुद्धा. लई बरं वाटलं, अण्णा. खोटं कशाले बोलू.

माझा मुकुट? माझा कडूनिंबाचा होता. मीच वळला.

हो, मीही यावलचाच, केळीतच वाढलो. चिकाचं माहीत होतं. बोललो असतो तर खेळ तिथंच थांबला असता.

अण्णा? अण्णा, ही चादर तरी न्या.