खिडकीतली खुर्ची

दाताच्या दवाखान्यात एक शिक्षिका गाल धरून बसली होती. समोरच्या बाकावरच्या दोन आजोबांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“वकीलसाहेब गेले, आपल्या क्लबातली खिडकीतली खुर्ची आता तुझी. सगळ्यांत जुना सभासद तूच.”

“मी कसा? एकाच दिवशी आलो की आपण!”

“पायरी तू आधी चढलास.”

“तू ढकललंस म्हणून!”

“अरे, मान आहे तो. क्लब निघाला तेव्हापासूनची रीत. त्या खुर्चीतल्या माणसाशी कुणी वाद घालायचा नाही.”

“तेच तर! वकीलसाहेब आठव. पत्त्यांत खुशाल लबाडी करायचे आणि आपण म्हणायचो, ‘वा, साहेब!’ जिवंतपणीच भिंतीवरचा फोटो झाला त्यांचा.”

“मग?”

“मग काय? जन्मभर भांडलास माझ्याशी. उद्या तूही ‘वा, वा’ म्हणायला लागलास, तर मी तिथे येऊ कशाला?”



“बरं लेका, खुर्ची क्लबच्या मांजरीला देऊ. तिच्याशी तसंही कुणी वाद घालत नाही.”

“मांजर सभासद नाही.”

“झालं तुझं सुरू!”

“सुरूच राहणार!”

दार उघडून नर्सनं विचारलं, “आधी कोण येतंय?”

“हा!” दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.

शिक्षिकेला हसू आवरेना, आणि दात तर ठणकतच होता.