दाराशेजारची नावं

कमलबाई : दिवाळीले इतला काया रंग, नासीरभाऊ? अन् तो बी दारना बाजूले?

नासीर : काळा नाही अक्का, गडद राखाडी. आता सगळे हाच मारून घेतात. ताईंनी स्वतः दुकानात उभं राहून पसंत केलाय.

कमलबाई : घर कोनं शे? सारिका! ये सारिका, बाहेर ये!

सारिका : आले, आई. थांबलात का हो, नासीरभाई?

नासीर : अक्का डब्यावर हात ठेवून बसल्यात.

कमलबाई : मोतिया रंग काय वाईट व्हता? काल तोच लावा ना यानी.

सारिका : लावला. सकाळी उठून बघितलंस ना? दोन हात देऊनही लाल अक्षरं वर आली. 'चि. हिलाल', 'चि. सौ. कां. सारिका', गणपती, कळस, सगळं जसंच्या तसं.

नासीर : माझ्याच हातची अक्षरं ती. लग्नात अक्का म्हणाल्या, पक्की काढ. पक्कीच निघाली, काय करू!

कमलबाई : मंग ऱ्हाऊ दे! तेवढी जागा सोडी दे भाऊ, बाकी बठ्ठं घर रंगव.

सारिका : आई, वर्ष झालं मला परत येऊन.

कमलबाई : हळू बोल. गल्ली ऐकस.

सारिका : गल्लीला काय नवीन आहे? येता-जाता लोक आधी भिंत वाचतात, मग माझ्याकडे बघतात.

कमलबाई : अन् उद्या पिंपळनेरथीन तुना सासरनी गाडी उनी तं? नाव पुसेल दिसनं तं म्हनतीन, यास्नीच तोडी टाकं.

सारिका : कुठली गाडी? वर्षभरात एक फोन तरी आला का? मी आले त्या दिवशी पाठीवरच्या वळांना हळद कोणी लावली?

कमलबाई : मीच लावी.

सारिका : मग? पाठवायचंय का मला परत? आज सांगून टाक. नासीरभाईंसमोर सांग.

नासीर : मी जरा पाणी पिऊन येतो.

कमलबाई : कोठे जाऊ नको भाऊ. थांब.

(कमलबाई आत जाते, तशीच बाहेर येते, पुन्हा आत जाते.)

नासीर : ताई, मारू का हात?

सारिका : नको. ती हो म्हणेपर्यंत नको.

नासीर : पण पसंत तर तुम्ही केलाय ना?

सारिका : रंग मी पसंत केलाय. राहायचं तिच्या घरात आहे.

कमलबाई : (बाहेर येत) सारिका, तुनी बॅग पलंगखाल जशीनी तशी बांधेल शे. रोज झाडू मारतांना मी ती सरकाडस, अन् परत तठेच ठेवस. वाटस, आज ना उद्या पोर जाई. रातले झोप लागत नही माले.

सारिका : मलाही लागत नाही. तुझी कूस बदललेली ऐकू येते.

कमलबाई : नासीरभाऊ, या रंगखाल अक्षरं दबतीन?

नासीर : एका हातात दबतील, अक्का. गणपती तेवढा सोडतो, नंतर ठळक करून देतो.

कमलबाई : हा, गणपती ऱ्हाऊ दे, त्यानी काय करं? बाकी बठ्ठं झाकी टाक.

सारिका : माय...

कमलबाई : उभी काय ऱ्हायनी? कपाटमा मन्या साड्या वरना फळीवर सरकाड्यात. खालनी फळी रिकामी शे. रंग वाळस तवलोंग तुना कपडा तठे लावी ले.