वरून दुसरं बटण

"...अगं, कॉलेजची मान्यताच काढून घेणारेत म्हणे, आणि मग आमच्या अक्षराचं..." एवढंच कानावर आलं बघा, आणि नेमकी तेव्हाच वरच्या मजल्यावरच्या भगवंतरावांनी पाण्याची मोटर लावली. आता तुम्हीच सांगा, अर्धं वाक्य घेऊन माणसानं दिवस कसा काढायचा? मी काही मुद्दाम ऐकत नव्हते. तुळशीला पाणी घालत होते, आणि आमच्या तुळशीमागंच शिवलीलाच्या स्वयंपाकघराची खिडकी येते त्याला मी काय करू? ती फोनवर बहिणीशी बोलत होती, निपाणीला. निपाणी लांब ना, म्हणून ती फोनवरसुद्धा निपाणीला ऐकू जाईल असंच बोलते. आपल्याला काय करायचंय म्हणा... पण पोरगी शिवलीलाची असली तरी हात आमच्या ह्यांचा होता.

सांगते. अक्षरा म्हणजे शिवलीलाची लेक, ऑक्युपेशनल थेरपीच्या शेवटच्या वर्षाला. म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नव्हतं, मी आमच्या सगळ्या जे. पी. नगरात सांगत सुटले होते की पोरगी फिजिओ करते. मग तिनंच एकदा बसवून समजावलं. "काकू, फिजिओवाले हात हलता करतात. त्या हातानं चहा कसा प्यायचा, कंगवा कसा धरायचा, बटण कसं लावायचं, ते आमच्याकडं." मी म्हटलं बटण लावायला कॉलेज? हसली नुसती.

आणि गेल्या वर्षी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. शिवाजीनगरात टेलर होते हो. जन्मभर लोकांच्या सदऱ्यांना काजं-बटणं केली आणि आता स्वतःचं बटण लागेना. मी लावायला गेले की हे भिंतीकडं बघायचे. कॅलेंडर नाही, फोटो नाही, नुसती भिंत... तिकडं बघत उभे राहायचे माझं होईपर्यंत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला म्हणून सांगते.

कॉलेजच्या दवाखान्यात ह्यांना अक्षराच्याच हवाली केलं होतं, आणि शेजारीच राहते म्हणून सराव घ्यायला संध्याकाळी घरीही यायची. आधी कोटाची जाड बटणं, मग बारीक. हे चिडायचे, "स्वल्प थांब ग, पोरी," म्हणायचे, आणि ती थांबायची. तासन्‌तास थांबायची. मला तर बघवायचं नाही, माझे हात शिवशिवायचे.

तर मोटर बंद झाली तोवर शिवलीलाचा फोनही बंद. मी फक्त समोरच्या धनलक्ष्मीला विचारलं. सांगितलं नाही हं, विचारलं. धनलक्ष्मीनं इस्त्रीवाल्याला विचारलं असेल, त्यानं आणखी कुणाला, आणि संध्याकाळी गेटवरचा कानडी वॉचमन मंजुनाथ मलाच अडवून म्हणतो, "अक्का, अक्षराचं कॉलेज पाडून टाकलं अंते?" पाडून टाकलं म्हणे! मी म्हटलं लोकांना काही कामं आहेत की नाहीत?

अक्षरा आली तीच मान खाली घालून. ह्यांच्यासमोर बसली, कापडावर बटणं मांडली आणि म्हणाली, "काकू, कॉलेज पाडलेलं नाही. समिती येणार आहे तपासायला. शिक्षक किती, पेशंट किती, आम्हाला खरंच काही येतं का, सगळं बघतात."

"आणि नाही पसंत पडलं तर?"

"तर मान्यता जाईल. मग आमच्या डिग्रीवर नोंदणी मिळेल की नाही, सरांनाही सांगता येत नाही. नोंदणी नाही तर पेशंटला हात लावता येणार नाही." आणि बटण ह्यांच्या बोटांत देत तसंच हळू म्हणाली, "पेशंटशीही बोलतात ते. काकांना घेऊन याल?"

आता मला सांगा, चार परकी माणसं येणार, पोरीला प्रश्न विचारणार, घर बघणार, आणि पसंत-नापसंत कळवतो म्हणून जाणार. याला आपल्यात काय म्हणतात? बघायला येणं म्हणतात! आणि बघायला आले की शेजाऱ्यांनी काय करायचं असतं? खुर्च्या द्यायच्या, कपबश्या द्यायच्या, आणि घर भरलेलं दिसावं म्हणून चांगलं लुगडं नेसून स्वतः जाऊन बसायचं. पेशंट किती ते बघतात म्हणाली ना पोरगी? मग? आपल्याला काय करायचंय म्हणून घरी बसायचं?

मी सगळ्या शेजाऱ्यांना पेशंट करून घेऊन गेले. धनलक्ष्मीच्या गळ्यात तिच्या सासऱ्यांचा मानेचा पट्टा. भगवंतरावांना लंगडायला सांगितलं, त्यांनी तर आदल्या दिवशी गच्चीवर तालीम केली. मी डब्यात चिरोटे घेतले. हे रिक्षात एवढंच म्हणाले, "हे बरं नव्हे." पण ह्यांचं कोण ऐकतंय.

दवाखान्याच्या त्या खोलीत आम्ही रांगेत बसलो. समितीतल्या एक मॅडम, पांढऱ्या केसांच्या, हिंदी बोलणाऱ्या, सरळ भगवंतरावांपाशी थांबल्या. चालून दाखवा म्हणाल्या. भगवंतराव झोकात लंगडत खिडकीपर्यंत गेले, वळले, आणि परत येताना दुसऱ्याच पायानं लंगडले.

मॅडम म्हणाल्या, "बाबा, मघाशी डावा होता ना?"

भगवंतराव म्हणतात, "दोन्ही दुखतात, आळीपाळीनं."

कुणी हसलं नाही हो. अक्षराचे सर नुसते छताकडं बघायला लागले, आणि अक्षराच्या तोंडावरचा रंग उडाला. तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, बाई, पोरीची सगळी वर्षं तू या चिरोट्याच्या डब्यात घालून बुडवलीस.

पण ती पुढं आली. म्हणाली, "मॅडम, हे माझे शेजारी आहेत. यांना काही झालेलं नाही. मायेनं आलेत. माझे पेशंट हे एकटे, कृष्णातकाका."

मॅडम ह्यांच्याकडं वळल्या. हे उठले, कुणी काही म्हणायच्या आत सदऱ्याचं वरून दुसरं बटण सोडलं, आणि उजव्या हातानं लावायला घेतलं. सगळी समिती बघतेय. बटण काजापर्यंत जायचं आणि घसरायचं. पुन्हा जायचं, पुन्हा घसरायचं. माझ्यानं राहवेना, मी हात पुढं केला, तर अक्षरानं न बघताच माझं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा गार होता.

मॅडम तिला म्हणाल्या, "तू का नाही मदत करत?"

"सदरा त्यांचा आहे, मॅडम. मी थांबते."

थांबली. मॅडमही थांबल्या, चष्मा काढून. आणि लागलं हो! लागलं बटण. ह्यांनी कुणाकडं पाहिलं नाही, छातीवरून हात फिरवला फक्त, पूर्वी दुकानात गिऱ्हाइकाला सदरा चढवून झाला की फिरवायचे तसा.

चिरोटे मात्र कुणी खाल्ले नाहीत. नियमात बसत नाही म्हणे.

निकालाच्या दिवशी मी पुन्हा तुळशीपाशी. या वेळी मोटरचं बटण आधीच बंद करून आले होते, मला काय अक्कल नाही? शिवलीला निपाणीला सांगत होती, "मान्यता टिकली ग बाई, आमच्या पोरीच्या डिग्रीला धक्का नाही. पण शिक्षक कमी आहेत म्हणून औंदा नवीन पोरं घ्यायची नाहीत, आणि पुढच्या वर्षी परत तपासणार." म्हणजे बघा, अफवा काही अगदीच खोटी नव्हती. कॉलेज पाडलं असं मी कुठं म्हटलं होतं?

आता अक्षरा कोरमंगलाच्या हॉस्पिटलात इंटर्नशिपला जाते. संध्याकाळी यायला जमत नाही तिला, आल्यावर दारातूनच विचारते, "काका, बटण?" आणि हे छाती पुढं काढून दाखवतात. सगळी स्वतः लावतात. पण सुरुवातच एक काज चुकवून करतात, म्हणून सदरा एका बाजूला वर, एका बाजूला खाली. जन्माचा टेलर माणूस, आणि असा सदरा घालून सरळ दूध आणायला जातो. सांगायला गेलं तर म्हणतात, "मी लावलंय."

रोज सकाळी माझे हात शिवशिवतात, तुम्हाला सांगते. पण आपल्याला काय करायचंय म्हणा... ते बटणं लावतात तोवर आता मीच भिंतीकडं बघत उभी राहते.